स्टिरिओ बदलला तरी कंपनीचा यूएसबी पोर्ट चालू कसा ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी दहाएक वर्षं जुनी हॅचबॅक, गिअर लिव्हरच्या पुढे कंपनीचं यूएसबी आणि ऑक्सचं (साध्या ऑडिओ वायरीने गाणी ऐकायचं) सॉकेट. कंपनीचा स्टिरिओ काढून नऊ इंची अँड्रॉइड युनिट (टचस्क्रीनचा स्टिरिओ) बसवायचं आहे. कोल्हापुरात दोन-तीन दुकानांत विचारलं तर सगळीकडे एकच उत्तर: "कंपनीचा पोर्ट आता बंद पडणार. यूएसबीची नवी वायर ग्लोव्हबॉक्समधून बाहेर काढून देतो." पोर्ट खरंच बंद पडतो का? नसेल तर तो चालू ठेवायला काय लागतं?

बहुतेक गाड्यांत तो बंद पडत नाही, त्याची वायर फक्त मोकळी सुटते. स्टिरिओच्या मागे वीज आणि स्पीकरचा मोठा कपलर असतो, आणि यूएसबीचा लहान कपलर त्याच्याशेजारी वेगळा असतो. बाजारातलं तयार वायरिंग किट सहसा मोठ्या कपलरपुरतंच येतं. लहान कपलर कुठे जोडायचा हे किटमध्ये नसतं, म्हणून फिटर तो टेप गुंडाळून डॅशच्या आत सोडून देतो आणि मालकाला सांगतो की पोर्ट गेला. नव्या युनिटला यूएसबीची स्वतःची लीड असते, तिच्या टोकाला पेनड्राइव्ह बसतो ते नेहमीचं ए सॉकेट असतं. गाडीच्या लहान कपलरमधून या ए सॉकेटपर्यंत चार वायरी नीट नेणं, एवढंच खरं काम आहे. मात्र ते करण्याआधी हा पोर्ट कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखावं लागतं. इथे घाई केली की नको तो अॅडॉप्टर विकत घेतला जातो, किंवा धड वायर तोडली जाते.

प्रकार तीन आहेत.

पहिला, नुसतं सॉकेट. यात इलेक्ट्रॉनिक्स काहीच नसतं. सॉकेटच्या चार पिना सरळ चार वायरींनी स्टिरिओपर्यंत जातात: पाच व्होल्ट, डेटा मायनस, डेटा प्लस आणि अर्थ (निगेटिव्ह). वर एक शील्ड, म्हणजे गोंगाट अडवणारं धातूचं आवरण. जुन्या गाड्यांत, विशेषतः यूएसबी आणि ऑक्स एकाच पट्टीवर असतील तर, बहुधा हेच असतं. हे सगळ्यात सोपं.

दुसरा, हब किंवा मीडिया मॉड्यूल. सॉकेटच्या मागे छोटा सर्किट बोर्ड असतो. त्याला गाडीचे बारा व्होल्ट वेगळे मिळतात, तो स्वतः पाच व्होल्ट तयार करतो आणि डेटा स्टिरिओकडे पाठवतो. एका पट्टीवर दोन डेटा पोर्ट असतील किंवा टाइप-सी पोर्ट असेल, तर हा प्रकार गृहीत धरून चाला. काही गाड्यांत यूएसबीची केबल स्टिरिओकडे न जाता डॅशमधल्या वेगळ्या डब्याकडे जाते. त्या डब्याला कंपनीच्या युनिटशिवाय कामच नसतं, त्यामुळे तिथे केबल डब्यापासून सोडवून नव्या युनिटकडे वळवावी लागते.

तिसरा, फक्त चार्जिंगचा पोर्ट. याच्या मागे बारा व्होल्ट, अर्थ आणि फार तर दिव्याची एक वायर. डेटाची वायर स्टिरिओकडे गेलेलीच नसते. स्टिरिओ बदलला तरी हा पूर्वीसारखाच चालतो आणि काहीही केलं तरी तो गाणी वाजवणार नाही. मागच्या सीटचे पोर्ट बहुधा असेच असतात. सॉकेटवरचं चिन्ह बघा: यूएसबीचं तीन फाट्यांचं त्रिशूळासारखं चिन्ह असेल तर डेटा असण्याची शक्यता जास्त, नुसती बॅटरी किंवा वीज काढलेली असेल तर चार्जिंग. पण चिन्हावर थांबू नका, मल्टिमीटर लावा.

मीटरची पहिली चाचणी अशी. स्टिरिओ काढा, त्याचे सगळे कपलर मोकळे ठेवा, चावी एसीसीवर (इंजिन बंद, स्टिरिओ चालू अशा पायरीवर) करा आणि सॉकेटच्या बाहेरच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज बघा. पाच व्होल्ट मिळाले तर सॉकेटला स्वतःची वीज आहे, म्हणजे हब किंवा चार्जर. काहीच मिळालं नाही तर बहुधा नुसतं सॉकेट. "बहुधा" यासाठी की काही हबना बारा व्होल्ट स्टिरिओमधूनच जातात, आणि स्टिरिओ काढला की तेही झोपतात. म्हणून सॉकेट मागून उघडून वायरी मोजणं टाळू नका. दोन-तीन जाड वायरी म्हणजे चार्जर. एकच गोल शील्डवाली केबल म्हणजे नुसतं सॉकेट. दोन्ही असेल तर हब.

दुसरी चाचणी चावी बंद करून. जुन्या डेटा केबलचा ए प्लग ठेवा, दुसरं टोक कापून चार वायरी सोला आणि प्लग पोर्टमध्ये घाला. आता मीटर बीपवर (वायर सलग असेल तर वाजतो त्या खुणेवर) ठेवून स्टिरिओकडच्या लहान कपलरची प्रत्येक पिन या चार वायरींशी ताडून बघा. चारही वायरींना एकेक पिन मिळाली की सॉकेट नुसतं आहे, केबल धड आहे, आणि कोणती पिन कशाची हेही हातात आलं. ते तिथेच कागदावर लिहून ठेवा. कपलर मोकळा असताना डेटाच्या दोन वायरी एकमेकींशी बीप देत असतील, तर तो चार्जर आहे. बऱ्याच चार्जिंग पोर्टमध्ये डेटा प्लस आणि डेटा मायनस मुद्दाम जोडलेले असतात, त्यावरूनच फोनला कळतं की इथून जास्त करंट घेता येईल.

वायरींच्या रंगावर कधीही विसंबू नका. यूएसबीत लाल म्हणजे पाच व्होल्ट, पांढरी डेटा मायनस, हिरवी डेटा प्लस, काळी अर्थ, हा क्रम चांगल्या केबलमध्ये पाळला जातो. गाडीच्या कारखान्यातल्या वायरिंगमध्ये तो पाळला जाईलच असं नाही. स्वस्त केबलमध्येही रंग बदललेले सापडतात, म्हणून मघाच्या कापलेल्या केबलच्या वायरीही आधी तिच्याच प्लगशी ताडून घ्या. डेटाच्या दोन वायरी उलट लागल्या तर नुकसान होत नाही, फोन फक्त चार्ज होतो आणि ओळखला जात नाही. पाच व्होल्ट आणि अर्थ उलट लागले तर पेनड्राइव्ह जागेवर जळतो, आणि युनिटचा पोर्टही सोबत जाऊ शकतो. एक खूण उपयोगी पडते: ए प्लगमध्ये बाहेरच्या दोन पिना आतल्या दोनांपेक्षा लांब असतात, कारण वीज आधी जोडली जावी आणि शेवटी तुटावी. म्हणजे बाहेरच्या दोन वीज आणि अर्थ, आतल्या दोन डेटा.

अॅडॉप्टर निवडताना

लहान कपलर प्रत्येक कंपनीचा वेगळा. ह्युंदाई-कियाचा चार पिनी, टोयोटाचा वेगळा, सुझुकीचा वेगळा, होंडाचा वेगळा. काही गाड्यांत चक्क जुन्या कॅमेऱ्याला असायचा तसा मिनी-बी प्लग असतो. युरोपियन गाड्यांत चौकोनी, रंगीत घराचा एचएसडी नावाचा कपलर सापडतो. त्यात सावध राहा, कारण स्क्रीन आणि कॅमेऱ्याच्या केबललाही हाच कपलर वापरतात, फक्त घराचा रंग आणि खाच वेगळी असते. एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार कपलर बदलतो, म्हणून नुसतं गाडीचं नाव आणि साल सांगून अॅडॉप्टर मागवला तर चुकीचा येण्याची शक्यता असते. कपलरचा समोरून स्वच्छ फोटो काढा, शेजारी फूटपट्टी धरा, पिना किती, किती ओळींत आणि लॉकची खाच कुठे हे दिसू द्या. मग विक्रेत्याच्या फोटोशी ताडून बघा. कोल्हापुरात हे अॅडॉप्टर प्रत्येक दुकानात पडून नसतात, बहुधा मागवावे लागतात. म्हणून तो हातात आल्याशिवाय स्टिरिओ बसवायचा दिवस ठरवू नका. आधी डॅश उघडलं आणि अॅडॉप्टर आला नाही, की "आता कापूनच टाकूया" हा निर्णय आपोआप होतो.

अॅडॉप्टर आला की तोही मीटरवर तपासा. त्याच्या एका टोकाला गाडीचा कपलर आणि दुसऱ्या टोकाला ए प्लग असतो. मघाशी कागदावर उतरवलेला क्रम त्याच्याशी जुळतो का बघायला पाच मिनिटं पुरतात. कपलर बसतो म्हणून पिनांचा क्रमही बरोबर असेलच, असं नाही.

तयार अॅडॉप्टर मिळालाच नाही तर दोन मार्ग उरतात. एक, गाडीच्या मूळ केबलला हात न लावता पोर्टच्या जागी बाजारातलं पॅनेलमध्ये बसणारं सॉकेट बसवायचं आणि त्याची केबल थेट युनिटकडे न्यायची. जागेचं माप व्हर्निअरने घ्या. मूळ सॉकेटच्या चौकटीत नवं बसत नसेल तर उद्यमनगरात ॲक्रिलिकचं किंवा पत्र्याचं छोटं ब्रॅकेट करून घेता येतं. माझ्या मते केबल कापण्यापेक्षा हे नेहमीच बरं. मूळ केबल डॅशमध्ये तशीच राहते, आणि पुढे कंपनीचा स्टिरिओ परत लावायचा झाला तर काहीच बिघडलेलं नसतं.

दुसरा मार्ग कापून जोडण्याचा. तो अगदी शेवटी, आणि नीट करायचा. डेटाच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, कारण बाहेरचा इलेक्ट्रिकल गोंगाट दोघींवर सारखा पडावा आणि तो वजा होऊन जावा. जोडावर ही पिळण एक-दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त उकलू देऊ नका. प्रत्येक वायरीचा जोड थोडा पुढे-मागे घ्या, म्हणजे एकाच ठिकाणी गाठ जमत नाही. सोल्डर करा, प्रत्येकावर वेगळी हीट-श्रिंक स्लीव्ह, त्यावर मूळ फॉइल परत गुंडाळा, शील्डची वायर शील्डला जोडा आणि वरून एक मोठी स्लीव्ह. वायरी नुसत्या पिळून वर टेप लावणं इथे चालत नाही. हॉर्नच्या वायरीला तसा जोड वर्षभर टिकतो, डेटाच्या वायरीला तो पहिल्या उन्हाळ्यात दगा देतो: टेपचा गोंद वितळतो, जोड सैल होतो, आणि फोन मध्येच सुटतो. वायरीवर चिमटा दाबून बसवायचे टॅपही डेटासाठी वापरू नका.

एकाच लीडवर दोन सॉकेट समांतर जोडायचा मोह होतो, एक गिअरजवळ आणि एक ग्लोव्हबॉक्समध्ये. डेटाच्या एका जोडीवर एकाच वेळी एकच उपकरण राहू शकतं. दोन हवे असतील तर युनिटच्या दोन वेगळ्या लीड वापरा.

बसवताना

बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि किमान तीन मिनिटं थांबा. गाडीच्या पुस्तकात एअरबॅगसाठी जास्त वेळ सांगितला असेल तर तेवढा. जुन्या काही स्टिरिओंना बॅटरी काढल्यावर कोड लागतो, तो आधी शोधून ठेवा. डॅशच्या पट्ट्या स्क्रू-ड्रायव्हरने नव्हे, प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवा. थंडीत सकाळी प्लॅस्टिक कडक असतं आणि क्लिप तुटतात, गाडी थोडी उन्हात तापू द्या.

आधी जोडा, तपासा, मग पट्ट्या बसवा. हा क्रम उलटा झाला की सगळं परत उघडावं लागतं. अँड्रॉइड युनिटच्या मागे यूएसबीच्या दोन लीड असतात, बहुधा एक चार पिनी आणि एक सहा पिनी कपलरवर. काही युनिटमध्ये त्यातली एकच वायरवाल्या कारप्लेला (आयफोन युनिटच्या स्क्रीनवर चालवायची सोय) चालते, आणि दुसरी डॅशकॅम किंवा डोंगलसाठी ठेवलेली असते. दोन्ही लीडवर फोन लावून बघा, ज्यावर कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो (तीच सोय अँड्रॉइड फोनसाठी) उघडतं तीच कंपनीच्या पोर्टला द्या. नंतर कळलं तर डॅश पुन्हा उघडावं लागेल.

केबल नेताना हीटरची नळी, स्टिअरिंगचा दांडा आणि गिअरची हालणारी केबल यांपासून लांब ठेवा. अँप्लिफायर असेल तर त्याच्या जाड वायरीच्या शेजारून लांबवर नेऊ नका, आडवी ओलांडली तर चालते. ए प्लग आणि सॉकेट जिथे एकमेकांत बसतात त्या जोडावर कापडी टेप गुंडाळा आणि दोन्ही बाजूंना केबल-टाय लावून कशाला तरी बांधा. नऊ-दहा इंची युनिटच्या मागे जागा कमी असते, युनिट आत ढकलताना हा जोड दाबला जातो आणि अर्धवट निघतो. नंतरच्या "खड्ड्यात फोन सुटतो" तक्रारींचं हे अगदी नेहमीचं कारण.

ऑक्सचा विषय लवकर संपतो. त्याच्या तीन वायरी, डावी, उजवी आणि अर्थ, आरसीए प्लगना (टीव्हीला लावतात त्या गोल ऑडिओ पिनांना) जोडून युनिटच्या ऑक्स-इनला द्यायच्या. कपलरमधल्या पिना मघासारख्याच ताडून घ्या.

चार्ज होतो, पण सुटतो

सगळं जोडून झालं, पेनड्राइव्ह मस्त वाजतो, पण फोन लावला की अँड्रॉइड ऑटो मिनिटभरात बंद. यात लोक युनिटला दोष देतात, ॲप पुन्हा टाकतात, युनिट बदलूनही आणतात. दोष बहुधा वायरीच्या जाडीत असतो, आणि तो मोजता येतो.

साध्या यूएसबी केबलमध्ये विजेच्या वायरीही बहुधा २८ एडब्ल्यूजीच्या असतात (एडब्ल्यूजी हे वायरीच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी वायर बारीक). या तांब्याचा विरोध दर मीटर लांबीला साधारण ०.२१ ओहम. युनिटपासून पोर्टपर्यंत दीड मीटर धरा. करंट जाऊन अर्थमधून परतही येतो, म्हणजे तीन मीटर, म्हणजे साधारण ०.६४ ओहम. पेनड्राइव्ह शंभर-दोनशे मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे त्याला काहीच जाणवत नाही. फोनने ५०० मिलिअँपिअर घेतले की ०.३२ व्होल्ट वाटेत गेले. दीड अँपिअर घेतले तर ०.९६ व्होल्ट, म्हणजे पोर्टवर उरले चारच्या आसपास. शिवाय अर्थच्या वायरीतही अर्धा तोटा होतो, त्यामुळे फोनचा शून्य आणि युनिटचा शून्य एका पातळीवर राहत नाहीत आणि डेटाही बिघडायला लागतो. विजेच्या वायरी २४ एडब्ल्यूजीच्या असतील तर तोच विरोध ०.२५ ओहमवर येतो आणि दीड अँपिअरला तोटा होतो ०.३८ व्होल्ट. केबल विकत घेताना तिच्यावरचा छापील मजकूर वाचा. "२८ एडब्ल्यूजी १पी, २४ एडब्ल्यूजी २सी" अशा अर्थाचं काही दिसलं तर समजा डेटाची पिळलेली जोडी २८ ची आणि विजेच्या दोन वायरी २४ च्या आहेत. हीच केबल घ्या. काहीच छापलेलं नसेल तर ठेवून द्या.

तपासायला यूएसबी टेस्टर म्हणून मिळणारा अंगठ्याएवढा मीटर पुरतो. तो पोर्ट आणि फोनच्या मध्ये लावा, फोनची बॅटरी निम्म्याखाली असू द्या, मॅप चालू ठेवा. फोन चार्ज होत असताना आकडा ४.७५ व्होल्टच्या वर असेल तर उत्तम. ४.५ च्या खाली गेला की तक्रारी सुरू होतात. मग त्याच लोडवर युनिटच्या लीडच्या टोकाला मोजा. तिथेच कमी असेल तर युनिटचा पोर्ट दुबळा आहे किंवा युनिटची अर्थिंग खराब आहे. तिथे पाच आणि पोर्टवर साडेचार असेल तर दोष मधल्या केबलमध्ये किंवा जोडात.

एकूण लांबीचंही भान ठेवा. यूएसबी २.० मध्ये साध्या केबलची व्यवहारातली मर्यादा पाच मीटर. युनिटची लीड, अॅडॉप्टर, गाडीची मूळ केबल आणि फोनची केबल मिळून तीन-साडेतीन मीटर सहज होतात, आणि वाटेतला प्रत्येक जोड सिग्नल थोडा थोडा खातो. गाडीत फोनची केबल अर्ध्या किंवा एक मीटरचीच ठेवा. दोन मीटरची छानशी वेणीवाली केबल घरी वापरा.

फोन हळू चार्ज होतो म्हणून वेगळ्या चार्जरचे पाच व्होल्ट आणून त्याच लाल वायरीला जोडणारे लोक आहेत. हे करू नका. दोन पुरवठे एकमेकांत ढकलतात, आणि युनिट बंद असतानाही वीज त्याच्यात मागून शिरते. शिवाय युनिट पोर्ट बंद-चालू करून फोनशी बोलणं नव्याने सुरू करतं, ती सोयही जाते. जलद चार्जिंग हवं असेल तर बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये चांगला चार्जर लावा आणि कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो वायरलेस चालवा.

हब असेल तर

हबवाल्या पोर्टला तीन गोष्टी लागतात: बारा व्होल्ट, अर्थ आणि युनिटकडे जाणारी डेटा केबल. बारा व्होल्ट आधी स्टिरिओतून येत होते का ते मीटरने बघा. येत असतील तर फ्यूज बॉक्समधल्या एसीसीवर चालणाऱ्या जागेवरून फ्यूज-टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढणारा जोड) लावून ते द्या. दोन पोर्ट प्रत्येकी २.१ अँपिअर देत असतील तर एकवीस वॉट होतात. रूपांतरातला तोटा धरून बाराच्या बाजूला साधारण दोन अँपिअर, म्हणून तीन अँपिअरचा फ्यूज पुरे. कायम चालू असणाऱ्या वायरीवरून घेऊ नका, गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरेल.

एक गोष्ट मात्र खरेदीआधीच माहीत हवी. हब जुळला, पेनड्राइव्ह चालला, अँड्रॉइड ऑटोही चाललं, तरी वायरवालं कारप्ले चालेलच याची खात्री नाही. अँड्रॉइड ऑटोमध्ये युनिट होस्ट (जोडणी चालवणारं) राहतं आणि फोन उपकरण, म्हणून मध्ये साधा हब असला तरी चालतो. वायरच्या कारप्लेमध्ये जोडणीनंतर भूमिका बदलतात, आयफोन होस्ट होतो आणि युनिट उपकरण. साध्या हबला ही अदलाबदल कळत नाही, कारण त्याची होस्टकडची बाजू कायमची ठरलेली असते. कंपनीच्या गाडीत ही अदलाबदल करू शकणारे खास हब असतात, पण त्यांना तसा आदेश कंपनीचं युनिट देतं. नवं युनिट तो देईलच असं नाही. घरात आयफोन असेल आणि पोर्ट हबवाला असेल तर दोनच खात्रीचे मार्ग: वायरलेस कारप्ले, किंवा हबच्या शेजारी युनिटहून थेट आणलेलं नुसतं सॉकेट. याच कारणासाठी बाजारातला साधा चार पोर्टांचा हब मध्ये घालून कारप्ले चालवायचा प्रयत्न फसतो.

टाइप-सी पोर्टमध्येही असाच एक खाचखळगा आहे. सी पोर्टला दोन जादा पिना असतात, त्यांवर ५६ किलोओहमचा रेझिस्टर पाच व्होल्टकडे जोडलेला असतो, त्यावरून फोनला कळतं की समोर वीज देणारा आहे. बाजारातलं सुटं सी सॉकेट आणून त्याला चारच वायरी जोडल्या तर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने फोन दाद देत नाही. ए-टू-सी केबलला हा रेझिस्टर तिच्या प्लगमध्येच असतो, म्हणून ए सॉकेट बसवणं निर्धोक.

पोर्ट फक्त चार्जिंगचा निघाला तर त्याला तसाच राहू द्या. त्याच्या मागे डेटाची वायर ओढून त्याच सॉकेटमध्ये घालायचा खटाटोप वाया जातो.

राहिलेल्या तक्रारी

चार्ज होतो पण ओळखत नाही: आधी दुसरी केबल लावून बघा, नुसत्या चार्जिंगच्या केबल घरोघरी असतात. मग डेटाच्या वायरी उलट्या आहेत का ते. फोन चालतो पण पेनड्राइव्ह नाही: पेनड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये असेल, एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट करा. स्क्रीनवर यूएसबी ओव्हरकरंट असा संदेश: केबल बहुधा पट्टीखाली चेपली आहे आणि पाच व्होल्ट शील्डला टेकले आहेत. लगेच पोर्ट मोकळा करा.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून येत असेल तर पोर्टमधला फोन काढून बघा. शिट्टी थांबली तर बहुधा अर्थिंगचा फेरा आहे, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडली गेली आहे. युनिटची अर्थ वायर डॅशमधल्या रंगवलेल्या पट्टीला स्क्रूने लावलेली असते, ती घासून स्वच्छ केलेल्या बॉडीच्या धातूवर न्या. हे फक्त आवाजापुरतं नाही. युनिटची अर्थिंग कच्ची असेल आणि यूएसबीची अर्थ कुठे तरी बॉडीला लागत असेल, तर युनिटचा आणि अँप्लिफायरचा करंट यूएसबीच्या केसासारख्या बारीक वायरीतून परत जातो. ती वायर तापते आणि आवरण वितळतं. डॅशमधून जळका वास आला की हे पहिलं तपासा.

कोल्हापुरातल्या गाड्यांना आणखी एक पाहणी लागते. पोर्ट कन्सोलमध्ये खाली असतो, त्याचा कपलर गालिच्याच्या जवळ. पावसाळ्यात ओल्या पायांनी येणारं पाणी, आणि २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी राहिलेली गाडी असेल तर गाळ, तिथवर पोचलेला असतो. जुनी गाडी घेतली असेल आणि तिचा इतिहास माहीत नसेल, तर अॅडॉप्टर मागवण्याआधी सॉकेट काढून पिना टॉर्चने बघा. हिरवट थर असेल तर इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ करा, वाळू द्या, मग बीप घ्या. पॉलिश पेपर लावू नका, पिनांवरचा पातळ मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात त्या आणखी लवकर गंजतात. तांब्याची वायर आवरणाच्या आत काळी पडली असेल तर साफ करण्यात अर्थ नाही, केबल बदला.

दुकानात देताना तोंडी सांगण्यापेक्षा कामाच्या कागदावर लिहून घ्या: यूएसबीचा मूळ कपलर कापायचा नाही, अॅडॉप्टर गाडीमालकाने दिलेला लावायचा, पट्ट्या बसवण्याआधी पोर्टवर फोन आणि पेनड्राइव्ह दोन्ही चालवून दाखवायचे. गाडी वॉरंटीत असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कापलेलं वायरिंग दिसलं की इलेक्ट्रिकलचा दावा अडवायला तेवढं कारण पुरतं.

गाडी ताब्यात घेताना दुकानासमोर पाच मिनिटं गाणं वाजवून भागत नाही. एसी पूर्ण, हेडलाइट चालू, मॅप चालू, फोन चार्जिंगवर, आणि पन्हाळ्याचा घाट चढून उतरा. वळणं, खड्डे आणि इंजिनची उष्णता एकाच फेरीत मिळतात. तासाभरात फोन एकदाही सुटला नाही आणि केबलचा प्लग हाताला गरम लागला नाही, तर जोडणी पक्की झाली. काढलेला कंपनीचा स्टिरिओ, त्याच्या बाजूच्या पट्ट्या आणि स्क्रू दुकानात सोडू नका. पिनांचा क्रम लिहिलेला तो कागद त्यांच्यासोबत एका डब्यात ठेवा, गाडी विकताना किंवा युनिट बदलताना तोच लागतो.